खालचं पान तोडायचं नाही

टिपणीसबाईंचं झाडांवर प्रेम नव्हतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण बाई जाऊन वर्ष होत आलं आणि आमच्या झाडं वाचवणाऱ्या गटातले लोक त्यांच्याबद्दल बोलताना 'वृक्षमाता' वगैरे म्हणायला लागलेत. बाईंच्या कानावर हा शब्द गेला असता तर त्यांनी म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं असतं. एका मोहिमेत आमच्यातली एक मुलगी झाडाला मिठी मारून फोटो काढून घेत होती. बाई तिला म्हणाल्या, "डॉक्टर पेशंटला मिठी मारतो का गं? मग? हो बाजूला, बुंधा बघू दे."

त्या मुलुंड पूर्वेला एका जुन्या तीन मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि हातात वाकड्या मुठीची काळी छत्री. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. तिच्या मुठीचा आकडा झावळीत अडकवून झावळ खाली ओढायची, एवढंच तिचं काम. बोलताना बाई तुमच्याकडे बघत नसत. तुमच्या खांद्यावरून मागच्या कुंडीकडे बघत. त्यामुळे पहिल्या भेटीत बहुतेकांना त्यांचा राग येई. दुसऱ्या भेटीतही येई.

चेंबूरला माती तपासायच्या एका छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसल्या नाहीत आणि लोकांनी बसूही दिलं नाही, कारण आपल्या उपनगरांत पाम फार. नवी इमारत उभी राहिली की गेटपाशी पामची रांग येतेच. बिल्डरला सावली द्यायची नसते, रुबाब द्यायचा असतो. खाली सगळं डेब्रिज: विटा, सिमेंट, फरशांचे तुकडे. त्यावर लाल मातीचा पातळ थर, आणि त्यात नर्सरीतून आणलेला रॉयल पाम ठोकून दिलेला. मग तो पिवळा पडला की माळ्याला शिव्या. मी हे चिडून लिहितेय. बाई चिडत नसत. त्या फक्त विचारत, "पिवळं कुठलं पान? वरचं की खालचं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. फोनवर, जिन्यात, भाजी घेताना. समोरचा म्हणे, "अहो बाई, सगळंच झाड पिवळं झालंय." त्यावर ठरलेलं उत्तर: "सगळं पिवळं झालं की मला नाही, लाकडाच्या वखारीला फोन करायचा. नीट बघा आणि मग सांगा." आणि फोन बंद.

त्यामागचं शास्त्र त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा विचारल्यावर "आधी ऐकायचं होतंस" म्हणाल्या. पालाश, म्हणजे पोटॅशियम, किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानाला देतं, म्हणून दुखणं खालच्या पानांवर दिसतं. पालाश कमी असेल तर पानावर बारीक पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि टोकं करपतात. मॅग्नेशियम कमी असेल तर पानाची कड रुंद पिवळी होते आणि मध्य हिरवा राहतो, काठाच्या साडीसारखा. पण लोह आणि मँगनीज झाडाला असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की दुखणं थेट वरच्या, नव्या पानात. "पिवळा हा रंग आहे, आजाराचं नाव नाही," असं त्या म्हणत.

घाटकोपरची एक गोष्ट सांगते. तिथल्या एका गुळगुळीत टॉवरमधल्या बाईंनी त्यांना बोलावलं होतं. मी ओळख करून दिलेली, म्हणून सोबत गेले. दिवाणखान्यात पितळी कुंडीत अरेका पाम, नवी पानं फिक्कट पिवळी, जवळजवळ पांढरी. घरचे साहेब स्वतः पुढे झाले. "मी वाचलंय मॅडम. लोहाची कमतरता. मी ट्रीटमेंट सुरू केलीय."

"काय घालता?"

"खिळे."

टिपणीसबाईंनी पहिल्यांदाच माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. "खिळे?"

"गंजलेले. आमच्या आई गुलाबाला घालायच्या. शिवाय केळीच्या सालींचं पाणी, ते पोटॅशियमसाठी."

बाईंनी खुर्चीवरचा पेपर घेतला, जमिनीवर पसरला, कुंडी आडवी केली आणि त्या घराच्या पांढऱ्या फरशीवर झाड उपसून ठेवलं. घरच्या बाई "अहो, गालिचा, गालिचा" करत राहिल्या. मातीला कुजका वास होता. कुंडीला खाली भोकच नव्हतं, मुळं काळी झाली होती, झाड वीतभर जास्त खोल लावलेलं होतं, आणि मातीत मूठभर खिळे होते.

"लोखंड आहे की भरपूर," बाई म्हणाल्या. "ह्यात एक खुर्ची ठोकून होईल. पण मुळांना श्वास नाही. ज्याचं नाक दाबलंय त्याच्यापुढे ताट वाढून काय उपयोग? भोक पाडा, वर उचलून लावा. आणि ते सालींचं पाणी बंद करा, चिलटं होतात."

साहेब पडेल आवाजात म्हणाले, "पण फेसबुकवर…"

"तिथेच लावायचा होता मग पाम."

चहा आला. बाई कामाच्या आधी कुणाकडे पाणीसुद्धा घेत नसत आणि काम झालं की चहा न घेता कॉफी मागत. तशी त्यांनी मागितली, कडक, दोन वेळा. त्या घराने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. पाम मात्र सुधारला, हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं. बाईंना मी ते कळवलं. त्या म्हणाल्या, "सुधारणारच होता. मला काय सांगतेस?"

असा हा स्वभाव. आता मुद्द्याचं.

बाईंच्याच सोसायटीत कुंपणाच्या आतून रॉयल पामची एक रांग आहे. इमारतीइतकी उंच, राखाडी खोडांची. सोसायटी झाली तेव्हाच लावलेली. तिथल्या एका रहिवाशाचा आमच्या गटाला फोन आला, की झाडं पिवळी पडतायत, वाळतायत, आणि सेक्रेटरी सावंतांनी 'धोकादायक आणि मरणोन्मुख' म्हणून ती कापायची परवानगी मागितलीय. त्या जागेत गाड्या लावायच्या आहेत.

अशा वेळी आम्हाला काही समजावून सांगावं लागत नाही. उपनगरात झाड आपोआप मरत नाही, मारलं जातं. बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओततात आणि मग अर्ज करतात, 'मेलंय हो, कापू द्या.' हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी त्याच दिवशी पत्रकाचा मजकूर केला: 'मुलुंडमध्ये झाडांचा थंड डोक्याने खून! जाब कोण देणार?' आणि तो घेऊन बाईंकडे गेले. बाई त्याच सोसायटीतल्या, शिवाय शास्त्र जाणणाऱ्या. त्यांची सही असती तर पत्रकाला वजन आलं असतं.

बाईंनी मजकूर पूर्ण वाचला. 'खून' या शब्दावर थोडं थांबल्या.

"ॲसिड ओतताना कोणी बघितलं?"

"बाई, उघड आहे ना ते."

"उघड असेल तर दिसेल. चल गच्चीवर."

गुडघे धरून धरून त्या जिने चढल्या. गच्चीच्या कठड्याशी पामचे शेंडे अगदी समोर येतात, हात लांबवला की झावळ लागते. बाईंनी छत्रीच्या आकड्याने एक खालची झावळ ओढली, तिची एक पाती दोन बोटांत ताणली आणि उन्हासमोर धरली.

"काय दिसतं?"

"पिवळे ठिपके."

"नीट बघ."

ठिपक्यांतून ऊन आरपार येत होतं. तेलाचे डाग पडलेल्या कागदासारखं.

"हे विष नाही. पालाश नाहीये ह्याला. उपाशी आहे." त्यांनी झावळ सोडली. ती सपकन वर गेली. "आता वरचं बघ. मधलं, न उघडलेलं. सरळ उभंय की नाही भाल्यासारखं? विष घातलं असतं तर ते आधी लोळलं असतं. तुझा खुनी नाही सापडत इथे."

"मग उपाशी कुणी ठेवलं?"

"आम्ही." त्या कठड्याला टेकल्या. "खालची पानं ही ह्याची कोठी. कमी पडलं की त्यातून काढतो आणि कोंबाला देतो. आम्ही दरवर्षी काय करतो? गणपती आले की माणूस वर चढवतो, खालच्या सगळ्या झावळ्या उतरवतो. मंडळाच्या कमानीला हिरव्या झावळ्या हव्यात आणि झाडही कसं स्वच्छ, टापटीप दिसतं. झाली कोठी रिकामी. मग ते त्याच्यावरच्या पानातून काढायला लागतं. पुढच्या गणपतीला तेही पान आम्ही उतरवतो. त्यात माळी युरिया ओततो. म्हणजे पोट रिकामं आणि वरून धावायला लावायचं."

"म्हणजे सावंतांनी…"

"सावंतांनी नाही. कमानीने."

मी खरंच वैतागले. सेक्रेटरीविरुद्ध पत्रक काढता येतं, बिल्डरविरुद्ध तर डोळे मिटून काढता येतं. गणपतीच्या कमानीविरुद्ध पत्रक काढणं म्हणजे काय, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नुसतं 'संशयास्पद' असं लिहून द्या ना. चौकशी लागेल, कापणं थांबेल. खरं काय ते नंतर बघू."

"मला संशय नाही तर संशयास्पद कसं लिहू?"

"झाडं वाचतील!"

"खोटं औषध दिलेली झाडं वाचत नाहीत गं," बाई म्हणाल्या. "तू पत्रक काढ हवं तर. माझं नाव घालू नकोस."

पत्रक निघालं नाही. बाईंचं नाव नसतं तर ते कुणी वाचलं नसतं, हे मला कळत होतं.

सावंत हा तसा दुष्ट माणूस नव्हे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, ते स्वतः विमा कंपनीत. गणपती मंडळ त्यांच्या जिवावर चालायचं. पावसाळ्यात एक झावळ सुटून त्यांच्या नव्या गाडीच्या बोनेटवर पडली होती आणि तेव्हापासून पाम हा त्यांचा वैयक्तिक शत्रू झाला होता. रॉयल पामची झावळ जड असते, हे खरंच. तरी एका बोनेटसाठी अख्खी रांग, हे मला आजही पटत नाही.

महापालिकेच्या उद्यान खात्याचे अधिकारी पाहणीला आले तेव्हा खाली सगळी सोसायटी जमली होती. सावंत बोलत होते, "साहेब, झाडं मेल्यात जमा आहेत. उद्या एखाद्या पोराच्या डोक्यात पडलं म्हणजे?" मी बोलत होते, "साहेब, ह्यांना पार्किंग हवंय, म्हणून चाललंय हे." अधिकारी दोघांकडे सारख्याच कंटाळ्याने बघत होते. मग ते बाईंकडे वळले.

"मॅडम, काय झालंय झाडांना?"

"पालाश कमी आहे."

"कोणी काही घातलंय?"

मी बाईंकडे पाहिलं. सावंतही त्यांच्याकडेच बघत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "घातलेलं काही नाही. काढलेलं आहे. दरवर्षी."

सावंतांचा चेहरा उजळला. माझा काय झाला असेल तो असेल.

"बरी होतील?"

"पिवळी झालेली पानं नाही होणार. ती गेली. नवं येईल ते हिरवं आलं तर झाड राहिलं. त्याला वेळ लागेल. पामला घाई चालत नाही. घाई असेल त्याने मनी प्लांट लावावा."

"गॅरंटी?"

"देणाऱ्याला विचारा. मी देत नाही."

अधिकाऱ्यांना हसू आलं. त्यांनी अर्ज वर्षभर पुढे ढकलला आणि अट घातली: तोवर एकही पान तोडायचं नाही. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या बाईंनी विष म्हटलं असतं ना, तर मी दोघांचंही ऐकलं नसतं. सगळेच विष म्हणतात हो." हे वाक्य मला आवडलं नाही. लिहून मात्र ठेवतेय.

वर्षभर बाईंनी त्या रांगेला पोटॅशियम सल्फेट आणि सोबत मॅग्नेशियम सल्फेट घातलं. एकट्या पालाशने मॅग्नेशियम मागे पडतं म्हणून जोडीने. थोडं थोडं, दर तिमाहीला, बुंध्याशी ढीग करून नव्हे तर लांबवर पसरून, आणि वर भरपूर पाणी. माळ्याचा युरिया त्यांनी स्वतःच्या घरात नेऊन ठेवला. झाडं मात्र वर्षभर भयाण दिसत होती. तपकिरी, करपलेल्या झावळ्या स्कर्टासारख्या खाली लोंबत होत्या. लोक कुरकुरायचे. तळमजल्यावरच्या देसाईंनी बाईंना गेटपाशी गाठलं. "बाई, पाहुणे येतात हो आमच्याकडे. काय हे दळिद्र! निदान पुढची दोन तरी साफ करू."

"पाहुण्यांना आत घ्या आणि दार लावा," बाई म्हणाल्या.

आणि मग गणपती आले.

सावंतांनी शिडी आणली, सोबत झावळ्या उतरवणारा माणूस. बाई खाली जाऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर बसल्या. घोषणा नाही, काही नाही. मी असते तर मोबाइलवर चित्रण केलं असतं. बाईंनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि सोलायला लागल्या.

"बाई, उठा," सावंत म्हणाले.

"बसलेय."

"अहो देवाचं काम आहे. कमान झावळ्यांची असते आपली. सोसायटी झाल्यापासून. आमच्या वडिलांनी सुरू केलेली."

"पडलेल्या घ्या की. तोडलेल्या नकोत."

"पडलेल्या? वाळक्या? गणपतीला?"

"गावाला तुमच्याकडे मांडव कशाने शाकारतात, सावंत? हिरव्या पानांनी?"

गावाला माडाच्या झावळ्या पाण्यात भिजवतात, मऊ करतात आणि त्यांची झापं विणतात, हे सावंतांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांना विणताना त्यांनी पाहिलं होतं. ते शिडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग म्हणाले, "ह्या पामच्या विणता येतील की नाही देव जाणे. पाती वेगळी असते ह्याची."

"येतात का बघा."

सोसायटीने वर्षभर कुंपणाशी टाकून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या सावंतांनी पिंपात भिजत घातल्या. दोन पोरांना हाताशी घेऊन आवारात बसून विणल्या. पहिली दोन झापं उसवली. सावंत त्यांना आणि पोरांना मालवणीत शिव्या घालत होते. "अरे मेल्या, उलटी पात खाली घे, खाली! सोनाराचा काम नाय ह्या!" तिसऱ्या झापापासून हात बसला. त्या वर्षीची कमान तपकिरी होती, जाड विणीची, आणि गेटबाहेरून जाणारे लोक थांबून बघत होते. बाई आरतीला आल्या. कमानीला हात लावून त्यांनी एक पात ओढून पाहिली. "बांधणी घट्ट आहे," म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून कुणाची स्तुती ऐकली ती एवढीच.

वर्ष झालं, अधिकारी पुन्हा आले. ह्या वेळी बाईंनी सगळ्यांना गच्चीवर नेलं. खालची पानं होती तशीच पिवळी, फाटकी. अधिकाऱ्यांनी नाक मुरडलं. बाई म्हणाल्या, "तिकडे नका बघू, ती तशीच राहणार. त्यांच्यावरची बघा." मधली नवी पानं खरंच हिरवी होती. पोपटी नव्हे, फिक्कट नव्हे, चांगली गडद. उन्हात धरून पाहिली, ठिपका नव्हता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सावंतसुद्धा कठड्यावरून वाकून बघत होते. "च्यायला, झकास आलंय की!"

एक झाड सोडून. गेटजवळचं, रांगेतलं शेवटचं. त्याचं खोड वर जाऊन तासलेल्या पेन्सिलीसारखं बारीक झालं होतं. पानं होती ती खुरटलेली. मधला कोंब कित्येक महिने तेवढाच होता, उघडत नव्हता, वाढत नव्हता. अधिकाऱ्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते खाली उतरायला निघाले होते.

"शेवटचं कापा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ते गेलंय. त्याचा कोंब मेलाय. उभं ठेवलं तर वादळात शेंडा पडेल."

जिन्याच्या वळणावर मी त्यांना अडवलं. "बाई, अहो कशाला? त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं! एक कापलं की सगळ्यांची सुरुवात होते. माहितेय ना तुम्हाला, कसं असतं ते?"

"पामला फांद्या नसतात. कोंब एकच. तो मेला की झाड मेलं. मेलेल्याला जिवंत म्हणून मी नाही दाखवणार."

"एक पावसाळा थांबा. कदाचित…"

"कदाचित हे तुझं खातं," बाई म्हणाल्या. "माझं नाही."

आणि एक कबूल केलं पाहिजे. शेवटचं झाड मेलंय असं बाईंनीच सांगितलं, म्हणून बाकीची जिवंत आहेत हे अधिकाऱ्यांनी मानलं. बाकीच्या रांगेवरचा अर्ज कायमचा निकाली निघाला. ती रांग आज उभी आहे, खालच्या पानांसकट.

शेवटचं झाड कापायला सकाळी माणसं आली. दोरी बांधून त्यांनी आधी शेंडा उतरवला. बाईंनी सांगून ठेवलं होतं, शेंडा मला हवा. तो आवारात आणून टाकला, माणसाएवढा लांब, गुळगुळीत हिरव्या कोशात गुंडाळलेला. खात्याचा एक कर्मचारी देखरेखीला होता. सोसायटीतली पोरं जमली होती, बायका कठड्यावरून बघत होत्या. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांना आत काय आहे ते बघायचं होतं. घरची सुरी त्या कोशावर घसरत होती.

"थांबा बाई, हे आमचं काम," म्हणत सावंत पुढे आले. तोडणाऱ्यांचा कोयता त्यांनी मागून घेतला, लेंगा वर खोचला आणि बसले. एकेक थर सोलत गेले. वरचा कोश हिरवा, त्याच्या आतला फिका, त्याच्या आतला पिवळसर. पोरं जवळ सरकली. सावंतांचा हात भराभर चालत होता, विमा कंपनीतल्या माणसाचा वाटतच नव्हता. शेवटचा थर सुटला आणि आत मनगटाएवढा एक दांडा निघाला. शुभ्र. ओला. खोबऱ्यासारखा.

"अरे वा!" सावंत ओरडले. "गाभो बघा, गाभो!" त्यांनी एक चकती कापली आणि तोंडात टाकली. डोळे मिटले. "आयशप्पत, गोड आसा. एकदम कोवळो. गावाक माड पडलो काय आम्ही पोरां ह्येच्यासाठी धावत जायचो. घे रे, घे. खावन बघ. बाई, तुम्ही पण घ्या."

पोरांनी हात पुढे केले. कोणी म्हणालं काकडीसारखं लागतं, कोणी म्हणालं शहाळ्यातल्या मलईसारखं. सावंत कापत होते आणि वाटत होते.

बाईंनी चकती घेतली. आधी उन्हात धरली. मग तोंडात घातली.

"सावंत," त्यांनी विचारलं, "मेलेल्या माडाचा गाभा कसा लागतो?"

सावंत हसले. "मेलेल्याचो कोण खाता, बाई? तो कुसता. हात लावूक देणा नाय, असो वास मारता." आणि त्यांनी पुढच्या पोराला तुकडा दिला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या चावत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण ह्या वेळी त्या कुठल्याच झाडाकडेही बघत नव्हत्या.

"हे झाड जिवंत होतं," त्या म्हणाल्या.

कोणी ऐकलं नाही. पोरांचा गलका चालला होता. मी म्हटलं, "बाई, जाऊ दे. कुणाला कळलेलं नाही." त्या उठून उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलावं तशा मोठ्याने बोलल्या.

"ऐका सगळे. हे झाड जिवंत होतं. कोंब थांबला होता, मेला नव्हता. मी मेलं म्हणून सांगितलं. चूक माझी."

खात्याचा कर्मचारी गोंधळून म्हणाला, "मॅडम, पण आता तर कापलं."

"कापलं ते दिसतंय. तुमच्या साहेबांना सांगा. बाकीच्यांपैकी कुठल्याचा कोंब उद्या थांबला, तर माझ्या शब्दावर कापायचं नाही. थांबायचं."

सावंतांच्या हातात कोयता तसाच राहिला होता. दुसऱ्या हातात कापलेली चकती. ती पोराला द्यावी की खाली ठेवावी हे त्यांना कळेना. ओशाळून म्हणाले, "बाई, मी आपलं सहज… आता काय करू ह्याचं?"

त्यानंतर बाई मुलीकडे राहायला गेल्या आणि मला पुन्हा दिसल्या नाहीत. मला दिसलेल्या शेवटच्या बाई ह्याच: भर उन्हात आवारात उभ्या, कॅनव्हासच्या बुटांभोवती सोललेल्या कोशांचा ढीग. तोंडातला तुकडा त्यांनी थुंकला नव्हता. नीट चावून गिळला आणि सावंतांपुढे हात केला.

"वाटा सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "मला अजून एक द्या. गोड आहे."